गोळी न लागताही पडलेली विमानं

जून २०२४ मध्ये एस्टोनियाच्या किनाऱ्याजवळ, केरी बेटापाशी, सुमारे सत्तर मीटर खोल पाण्यात एका जुन्या प्रवासी विमानाचे अवशेष सापडले. विमानाचं नाव 'कालेवा'. १४ जून १९४० रोजी ते टाल्लिनहून हेलसिंकीला निघालं आणि काही मिनिटांतच दोन सोव्हिएत बाँबर विमानांनी ते पाडलं. आतले नऊही जण गेले. तेव्हा फिनलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात युद्ध चालू नव्हतं. तीन महिन्यांपूर्वीच त्यांचा तह झाला होता.

अशी बातमी वाचली की युद्धकाळात प्रवासी विमान पडलं म्हणजे कोणीतरी पाडलं असणार, असं वाटून जातं. पण १९३८ ते १९४२ या काळातले प्रवासी आणि वाहतूक विमानांचे अपघात एकेक करून पाहिले, तर गोळी हे अनेक कारणांपैकी फक्त एक निघतं. बाकीच्या ठिकाणी युद्धाने दुसरंच काही केलेलं असतं. जमिनीवरचे दिवे विझवलेले असतात, हवामानाची माहिती गुप्त केलेली असते, बाँबच्या जागी माणसं झोपवलेली असतात, ऐन वेळी मार्ग बदललेला असतो. सध्या अमृतसर-जम्मू भागात किंवा आखाती देशांवरून जाताना विमानाचं जीपीएस गंडतं, अशा बातम्या येतात. त्या नीट समजायच्या असतील तर हे जुने अपघात फार कामाचे आहेत.

तेव्हा वैमानिकाला वाट कशी सापडायची?

उपग्रह नव्हते. विमानतळावर बसून रडारवर विमान पाहणारा कोणी नव्हता. दिवसा हवा स्वच्छ असेल तर खाली पाहायचं आणि नदी, रेल्वेचे रूळ, डोंगर नकाशाशी जुळवत जायचं. ढगात, समुद्रावर किंवा रात्री हे जमत नाही. मग हिशेब करावा लागे: होकायंत्राची दिशा, विमानाचा वेग आणि घड्याळ. अमुक दिशेने, अमुक वेगाने, इतकी मिनिटं गेलो, म्हणजे आता इथे असायला हवं.

या हिशेबाचा शत्रू म्हणजे वारा. नदी पोहून पार करणारा माणूस समोरच्या घाटाकडे तोंड करून पोहतो आणि लागतो मात्र खालच्या घाटाला. विमानाचंही तेच. ताशी १६० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी ४० किलोमीटरचा आडवा वारा लागला आणि वैमानिकाने तो धरला नाही, तर तासाभरात विमान ४० किलोमीटर बाजूला गेलेलं असतं. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर दर ६० किलोमीटरला साधारण एक किलोमीटर बाजूला. म्हणून पुढच्या ठिकाणी वारा कसा आहे हे कोणीतरी सांगणं आवश्यक होतं.

अमेरिकेत या हिशेबाला दोन आधार दिलेले होते. पहिला दिव्यांचा. हवाई मार्गावर साधारण दर १६ किलोमीटरला मनोऱ्यावर एक फिरता दिवा असे. तो दहा सेकंदांत एक फेरी घेई. त्याच मनोऱ्यावरचा दुसरा, रंगीत दिवा मोर्सच्या, म्हणजे आखूड-लांब उघडझापीच्या, खुणेत एक अक्षर उघडझाप करून दाखवे. अक्षरं एकूण दहा: डब्ल्यू, यू, व्ही, एच, आर, के, डी, बी, जी, एम. दहा दिवे संपले की पुन्हा पहिल्यापासून. 'के' दिसला म्हणजे या दहातल्या सहाव्या दिव्यावर आलो, हे कळे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडच, फक्त रात्री आकाशातून वाचता येणारे.

दुसरा आधार रेडिओचा, आणि ती युक्ती खरोखर सुंदर होती. जमिनीवरचं एक केंद्र चार बाजूंना खुणा पाठवी. समोरासमोरच्या दोन बाजूंना 'ए', म्हणजे आखूड-लांब. उरलेल्या दोन बाजूंना 'एन', म्हणजे लांब-आखूड. दोन्ही खुणा अशा जुळवलेल्या असत की एकीच्या खंडात दुसरी बरोबर बसे. भजनात दोघं जण एकाआड एक टाळ वाजवत असले आणि तुम्ही बरोबर मधे बसलात, की सलग एकच नाद येतो. एकाकडे सरकलात की त्याचा टाळ वरचढ होतो. इथेही तसंच. कानात सलग गुंजन म्हणजे मार्गावर आहात. 'ए' उठून ऐकू येऊ लागला म्हणजे एका बाजूला सरकलात, 'एन' आला म्हणजे दुसऱ्या. ही सलग नादाची पट्टी साधारण तीन अंश रुंद असे, म्हणजे केंद्रापासून ६० किलोमीटरवर तिची रुंदी सुमारे तीन किलोमीटर. वीज चमकत असली की कानात नुसती खरखर, आणि डोंगराळ भागात लहरी वळून खोट्या पट्ट्याही तयार होत. तरी एकंदरीत ही व्यवस्था चाले.

दिवे विझवले की नेमकं काय होतं?

१९७१ च्या युद्धात मुंबईतल्या घरांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावले होते. ब्लॅकआउटचा हेतू सरळ असतो: शत्रूच्या विमानाला खालचं काही दिसू नये. पण आपल्या विमानालाही तेच दिवे लागतात. १६ जानेवारी १९४२ च्या रात्री नेवाडात हे कसं महागात पडलं, ते जरा सविस्तर पाहू.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला जेमतेम सहा आठवडे झाले होते. टीडब्ल्यूए कंपनीचं फ्लाइट ३, जातीने डीसी-३, न्यूयॉर्कहून टप्प्याटप्प्याने कॅलिफोर्नियातल्या बरबँकला चाललं होतं. इंडियानापोलिसला अभिनेत्री कॅरोल लोम्बार्ड चढली होती. युद्धरोख्यांच्या विक्रीची सभा आटोपून ती आईसह घरी परतत होती. अल्बुकर्कीला लष्कराचे वैमानिक चढायचे होते. लष्कराला प्राधान्य, म्हणून काही प्रवाशांना उतरवलं. उतरलेल्यांत व्हायोलिनवादक जोसेफ सिगेटी होता. त्याचा जीव वाचला तो असा. आता विमानात तीन कर्मचारी आणि एकोणीस प्रवासी होते. त्यातले पंधरा लष्कराचे.

इंधनासाठी मधे उतरणं भाग होतं. त्यासाठी आधी बोल्डर सिटी ठरलं होतं. पण तिथल्या धावपट्टीला दिवे नव्हते आणि पोहोचेपर्यंत अंधार पडला. म्हणून विमान लास व्हेगासला उतरलं. इंधन भरून संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी ते पुन्हा निघालं. सुमारे पंधरा मिनिटांनी, पन्नासेक किलोमीटर अंतरावर, पोटोसी डोंगराच्या उभ्या कड्यावर ते आदळलं. ती जागा समुद्रसपाटीपासून ७,७७० फुटांवर, म्हणजे जवळजवळ २,३७० मीटरवर होती. बावीसपैकी कोणी वाचलं नाही. हवा स्वच्छ होती आणि इंजिनं ठीक चालली होती.

मग घोटाळा कुठे झाला? उड्डाणाच्या कागदावर दिशा लिहिलेली होती २१८ अंश. होकायंत्रात ० म्हणजे उत्तर, १८० म्हणजे दक्षिण. २१८ म्हणजे नैर्ऋत्येकडे. ही दिशा बोल्डर सिटीहून निघालं तर बरोबर होती. पण विमान निघालं लास व्हेगासहून, जे बोल्डर सिटीच्या उत्तरेला सुमारे ३५ किलोमीटरवर. पुण्यात कोणी तुम्हाला स्वारगेटवरून पत्ता सांगावा, 'सरळ जा, दुसरा डावा, मग उजवीकडे', आणि तुम्ही तीच वळणं शिवाजीनगरहून निघून घ्यावीत, तसं हे झालं. वळणं सगळी बरोबर, निघण्याची जागा चुकीची. शहरात फार तर भलत्या गल्लीत शिरू. लास व्हेगासहून २१८ अंशांची रेघ ओढली, तर ती सरळ पोटोसी डोंगरावर जाते.

एरवी ही चूक पाच-दहा मिनिटांत पकडली गेली असती. ओळीने दिसायला हवेत ते दिवे दिसत नाहीत म्हटल्यावर कोणताही वैमानिक चरकेल. पण जपानी हल्ल्याच्या धास्तीने त्या भागातले बहुतेक मार्गदिवे विझवलेले होते. दिवा न दिसण्याला एक सोयीचं कारण आधीच तयार होतं. आपण वाटेवर नाही म्हणून दिवा दिसत नाही, की दिवाच बंद आहे? कॉकपिटमध्ये बसून हे ठरवता येत नव्हतं.

पण रेडिओ होता ना?

होता, आणि चौकशीचा रोख तिथेच होता. अमेरिकेच्या विमान वाहतूक मंडळाने अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनवर ठेवलं: हाताशी असलेली मार्गदर्शनाची साधनं वापरून त्याने योग्य मार्ग धरला नाही. साहाय्यक कारणं तीन दिली. दिशेचा आकडा चुकीचा घेतला, युद्धामुळे बहुतेक दिवे बंद होते, आणि ठरलेला हवाई मार्ग सोडू नये हा कंपनीचा आदेश पाळला गेला नाही.

निष्कर्ष चूक म्हणता येत नाही. रेडिओची सलग नादाची पट्टी धरून चाललं असतं, तर विमान डोंगरावर गेलं नसतं. तरी एक गोष्ट त्यात सुटते, असं वाटतं. वैमानिक एका साधनाची खातरजमा दुसऱ्याने करतो: होकायंत्राची दिव्याने, दिव्याची घड्याळाने, घड्याळाची रेडिओने. त्यातलं एक साधन काढून घेतलं, की उरलेल्यांपैकी एकाचा आळस किंवा एका आकड्याची चूक थेट अपघाताला पुरते. दिवे असताना तीच चूक खपून गेली असती आणि कोणाच्या लक्षातही आली नसती.

मग डोंगराच्या वरूनच का नाही उडायचं?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. आज आपण ३५ हजार फुटांवरून जातो, कारण केबिनमध्ये हवा दाबून भरलेली असते. अशी केबिन असलेलं पहिलं प्रवासी विमान, बोईंग ३०७, वापरात आलं तेच १९४० मध्ये, आणि तीही मोजकीच. डीसी-३ मध्ये दहा हजार फुटांच्या वर फार वेळ राहिलं तर प्रवाशांना विरळ हवेचा त्रास व्हायला लागे. त्यामुळे पाच ते दहा हजार फूट हीच रोजची उंची, आणि डोंगरही त्याच उंचीचे.

शिवाय आपण किती उंचावर आहोत हे कळणंही सोपं नव्हतं. उंची दाखवणारं यंत्र, अल्टिमीटर, खरं तर हवेचा दाब मोजतं. वर जावं तसा दाब कमी होतो: खालच्या थरांत साधारण साडेआठ मीटरला एक मिलिबार (हे दाबाचं एकक). आता एखाद्या भागात वादळी हवेमुळे दाबच १० मिलिबारने उतरला असेल आणि यंत्राला ते सांगितलं नसेल, तर ते तुम्ही खऱ्यापेक्षा ८५ मीटर उंच आहात असं दाखवत राहील. म्हणून उतरण्याआधी तिथला दाब रेडिओवर विचारून यंत्राची कळ फिरवावी लागते. युद्धात हा आकडाही सहज मिळेनासा झाला.

हवामानात गुप्त ठेवण्यासारखं काय असतं?

पुष्कळ. युरोपात ढग आणि वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. म्हणजे ब्रिटनला आज दिसणारं हवामान जर्मनीला उद्या-परवा मिळणार. ब्रिटनचे हवामान अहवाल उघड्यावर गेले असते, तर कोणत्या रात्री बाँबहल्ल्याला हवा चांगली आहे हे जर्मनीला फुकटात कळलं असतं. म्हणून सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनने जनतेसाठी हवामान अंदाज देणं बंद केलं. समुद्रावरची जहाजंही पाणबुडीच्या भीतीने रेडिओ मिटून बसली. एरवी तीच अटलांटिकवरची वाऱ्या-पावसाची खबर देत. प्रवासी विमानांना अहवाल मिळत, पण सांकेतिक भाषेत, कमी ठिकाणांहून आणि उशिरा.

अशा अंधारात ढगात शिरलं तर पहिला धोका बर्फाचा. पंखांवर बसणारा बर्फ डोळ्यांना दिसतो. इंजिनाच्या आत बसणारा दिसत नाही. जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर ज्यांनी खोलला आहे, त्यांना ही जागा माहीत आहे: अरुंद नळीतून हवा वेगाने जाते आणि तिच्यात पेट्रोलचे थेंब मिसळतात. पेट्रोलची वाफ होताना उष्णता ओढली जाते. हातावर स्पिरिट ओतलं की गार लागतं, तेच. नळीतलं तापमान सहज वीस-पंचवीस अंशांनी उतरतं. बाहेर १५ अंश सेल्सिअस आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरतो, नळी चोंदते आणि इंजिन गुदमरतं. उपाय आहे: एक्झॉस्टजवळची गरम हवा आत सोडायची. पण गरम हवा विरळ असते, त्याने इंजिनाची ताकद उतरते, म्हणून वैमानिक हात आखडता घेतात. आणि गरम हवेची सोयच अपुरी असेल, तर बोलणंच खुंटलं.

युद्ध सुरू होण्याच्या सात महिने आधी, २१ जानेवारी १९३९ ला, ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेज कंपनीची 'कॅव्हेलियर' ही उडती नौका, म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावर उतरणारं विमान, न्यूयॉर्कहून बर्म्युडाला जाताना याच कारणाने समुद्रात उतरली आणि बुडाली. तेरांपैकी तिघे गेले. उरलेले दहा जण तासन् तास पाण्यात एकमेकांना धरून राहिले आणि 'एसो बेटाउन' या तेलवाहू जहाजाने त्यांना उचललं. विमानाने रेडिओवर संकटाची खबर दिली होती म्हणून हे जमलं. पुढे युद्धात आपली जागा रेडिओवर उघड सांगणं हेच जोखमीचं होऊन बसलं.

बाँबर विमानात प्रवासी बसवले तर बिघडतं काय?

तिथपर्यंत पोहोचायला आधी हडसन विमान पाहू. लॉकहीड कंपनीचं मूळ प्रवासी विमान, त्यावरून ब्रिटनसाठी केलेलं बाँबर म्हणजे हडसन. चपळ, वेगवान, आणि उतरताना खोडकर.

इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा: 'स्टॉल'. विमान स्टॉल झालं म्हणजे इंजिन बंद पडलं असं अनेकांना वाटतं. इंजिनाचा यात संबंध नाही. चालत्या गाडीच्या खिडकीतून हात आडवा बाहेर काढा आणि पुढची कड हळूहळू वर करा. हात उचलला जातो. आणखी तिरपा करत गेलात की एका क्षणी उचल जाते आणि हात नुसता मागे ढकलला जातो. पंखाचंही साधारण पंधरा अंशांच्या पुढे हेच होतं: हवा पंखाला धरून वाहायची थांबते. उतरताना वेग कमी आणि नाक वर, म्हणजे ही सीमा अगदी जवळ. हडसनमध्ये पंखाचं टोक आधी उचल सोडायचं, तीही बहुधा एकाच बाजूला. विमान कुशीवर पडायचं. सावरायला काहीशे फूट उंची लागते आणि धावपट्टीजवळ ती नसते.

१३ ऑगस्ट १९४० ला ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचं एक हडसन कॅनबेरात उतरण्याच्या बेतात असताना असंच पडलं आणि पेटलं. दहाही जण गेले. त्यांत ऑस्ट्रेलियाचे तीन मंत्री आणि लष्करप्रमुख होते. त्या एका अपघाताने युद्धात उतरलेल्या देशाचं मंत्रिमंडळ खिळखिळं झालं.

पुढच्या वर्षी आणखी एक हडसन. नोव्हेंबर १९४० पासून अमेरिकेत बनलेली बाँबर विमानं न्यूफाउंडलंडमधल्या गँडरहून थेट उडवत ब्रिटनला नेऊ लागले होते. त्याआधी उत्तर अटलांटिक हिवाळ्यात विमानाने नेमाने ओलांडत नसत. २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री अशाच एका हडसनमधून फ्रेडरिक बँटिंग निघाले. इन्सुलिन शोधून काढणाऱ्यांपैकी एक, नोबेल मिळालेले. निघाल्यावर थोड्याच वेळात इंजिन बिघडलं. वैमानिक परत फिरला, पण बर्फाळ रानात विमान आदळलं. चौघांपैकी वैमानिक एकटा वाचला. जखमी बँटिंग दुसऱ्या दिवशी गेले.

दोन इंजिनांपैकी एक तर शिल्लक असतं, मग विमान का पडतं? समजा दोन्ही इंजिनांची मिळून ताकद १०० आहे आणि नुसतं सरळ तरंगत राहायलाच ६० लागते. वर चढायला ४० उरते. एक इंजिन गेलं की हातात ५०. गरज ६० ची. म्हणजे विमान हळूहळू खाली येणारच. महासागर ओलांडायचं इंधन काठोकाठ भरलेलं असताना ही गरज आणखी वाढलेली असते. म्हणून अशा विमानाचा सर्वांत वाईट वेळ सुरुवातीचा, टाक्या भरलेल्या असतानाचा.

विमानं ब्रिटनला पोहोचवणारे वैमानिक परत कसे जायचे? जहाजाने आठवडे लागत. म्हणून चार इंजिनांची लिबरेटर बाँबर त्यांना नेऊ लागली. बाँब ठेवायच्या कप्प्यात फळ्या आणि गाद्या टाकून, तोंडाला ऑक्सिजनचा मुखवटा लावून, कडाक्याच्या थंडीत माणसं पडून राहत. १० ऑगस्ट १९४१ ला स्कॉटलंडमध्ये एअरजवळच्या हीथफील्डहून निघालेलं लिबरेटर समोरच्या अॅरन बेटावर, गोट फेलच्या डोंगररांगेला ढगात धडकलं. बावीस मृत्यू. चारच दिवसांनी त्याच विमानतळावर दुसरं लिबरेटर उड्डाण घेतानाच कोसळलं. पुन्हा बावीस. त्यात ब्रिटनसाठी अमेरिकेत युद्धसामग्रीची खरेदी सांभाळणारे आर्थर पर्व्हिस होते. १ सप्टेंबरला तिसरं, येताना, किंटायरच्या टेकडीवर, दहा मृत्यू. तीन आठवड्यांत चोपन्न माणसं, आणि त्यांत बहुतेक सगळे मुरलेले वैमानिक आणि रेडिओचालक, ज्यांची तेव्हा विमानांपेक्षाही टंचाई होती.

उड्डाण घेतानाच्या अपघातांबद्दल एक ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. वजन १० टक्क्यांनी वाढलं, तर धावपट्टी १० नाही, सुमारे २० टक्के जास्त लागते, कारण जड विमानाला सुटायला वेगही जास्त हवा आणि तो वेग गाठायला वेळही जास्त लागतो. बाँबर विमानांना मोठे विमानतळ हवेत हे कळायला आणि ते बांधून व्हायला काळ गेला. तोवर आहे त्या पट्टीवरून भागवलं.

नागरी विमान आहे हे समोरच्याला दिसत नव्हतं का?

काही वेळा दिसत होतं. चीनमध्ये जपानशी युद्ध १९३७ पासूनच पेटलं होतं. २४ ऑगस्ट १९३८ ला हाँगकाँगहून चुंगकिंगला निघालेल्या 'क्वेलिन' या डीसी-२ विमानाच्या पंखांवर 'टपाल' या अर्थाचं मोठं चिनी अक्षर रंगवलेलं होतं. जपानी लढाऊ विमानांनी तरी ते गाठलं. वैमानिकाने ते नदीत सुखरूप उतरवलं, तर पाण्यातल्या विमानावर गोळ्या झाडल्या. चौदा जण मेले. विमान मात्र बाहेर काढून दुरुस्त केलं, नाव बदलून 'चुंगकिंग' ठेवलं आणि पुन्हा सेवेत आणलं. २९ ऑक्टोबर १९४० ला युनानमध्ये जपान्यांनी ते दुसऱ्यांदा लक्ष्य केलं आणि त्यात ते कायमचं संपलं. एकाच सांगाड्याच्या वाट्याला हे दोनदा आलं.

दुसरीकडे ओळखणं खरोखर अवघडही होतं. 'कालेवा' हे युंकर्स ५२ जातीचं होतं. त्याच जातीची विमानं जर्मन सैन्य छत्रीधारी सैनिक नेण्यासाठी वापरत होतं, आणि स्पेनमध्ये त्यांनी बाँबही टाकले होते. डीसी-३ प्रवासी नेत होतं आणि तेच लष्करी रंगात डाकोटा म्हणून फिरत होतं. 'कालेवा'च्या बाबतीत मात्र चुकून झालं म्हणायला जागा नाही. त्याच दिवशी सोव्हिएत संघाने एस्टोनियाची नाकेबंदी केली होती, आणि विमानात अमेरिकन आणि फ्रेंच वकिलातींचे दूत टपालाच्या थैल्या घेऊन बसले होते. समुद्रात तरंगणाऱ्या थैल्या सोव्हिएत पाणबुडीने गोळा केल्या.

यातून वैमानिकांनी काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. 'क्वेलिन'नंतर चीनमधली प्रवासी विमानं रात्री आणि मुद्दाम वाईट हवेत उडू लागली, कारण तेव्हा जपानी येत नसत. गोळीचा धोका टाळायला अंधार, ढग आणि डोंगर पत्करले. पुढे एखादं विमान डोंगरावर गेलं की नोंद होई 'मार्ग चुकला'.

ब्लॅक बॉक्समध्ये काय सापडलं?

आजच्यासारख्या ब्लॅक बॉक्सची कल्पना १९५० च्या दशकातली, ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन यांची. त्याआधी तपास चाले तो कागदांवर आणि लोखंडावर. पात्याची टोकं कशी वाकली आहेत त्यावरून आदळताना इंजिन जोरात होतं का बंद, हे सांगता येतं: बंद पंख्याचं पातं मागे दुमडतं, जोरात फिरणारं पिळवटतं. फ्लाइट ३ चा २१८ हा आकडा सापडला तो उड्डाणाच्या कागदांत. कागद विमानतळावर राहतो म्हणून.

पण सांगाडाच मिळाला नाही तर? १ मार्च १९४० ला इंपीरियल एअरवेजचं 'हॅनिबल' बलुचिस्तानातल्या जिवानीहून शारजाला निघालं. चार इंजिनांचं, दुहेरी पंखांचं, हँडली पेज कंपनीचं हे अजस्र विमान ताशी साधारण १६० किलोमीटरने चाले. लंडन-भारत हवाई मार्गाचाच हा एक टप्पा. १९३२ पासून टाटांची विमानं जुहू आणि कराचीच्या दरम्यान टपाल नेत ती याच मार्गाला जोडण्यासाठी. हॅनिबलमध्ये आठ जण होते. त्यांत मद्रास प्रांताचे माजी मंत्री सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते, भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला चालले होते. साडेसहाशे किलोमीटरचं अंतर, जवळजवळ सगळं ओमानच्या आखातावरून. विमान पोहोचलंच नाही. ना अवशेष मिळाले, ना कारण.

एवढं मोठं विमान सापडू कसं नये? हिशेब करून पाहा. शेवटची पक्की जागा तासाभरापूर्वीची असेल, तर विमान त्या बिंदूभोवती १६० किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतं. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ८० हजार चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. तेवढा समुद्र खिडकीतून डोळ्यांनी पाहायचा.

हे सगळं आज कशाला?

कायदा बदलला हे खरं. १९८३ मध्ये कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत संघाने पाडल्यावर, १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट कलम आलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरायचं नाही. त्यानंतरही २०१४ मध्ये युक्रेनवर आणि २०२० मध्ये तेहरानजवळ प्रवासी विमानं क्षेपणास्त्रांनी पडली. त्यांच्या बातम्या मोठ्या होतात, आणि व्हायलाच हव्यात. रोजच्या वैमानिकाला मात्र जास्त भेटतो तो दुसरा, शांत प्रकार: जीपीएसचे संकेत दाबून टाकणं किंवा खोटे संकेत पाठवणं. ड्रोन भरकटावेत म्हणून सैन्य हे करतं, जसे १९४२ मध्ये बाँबर भरकटावेत म्हणून दिवे विझवले होते. आणि तेव्हासारखंच, आपलं कोण आणि परकं कोण हे त्या यंत्राला कळत नाही.

फरक एवढा की आज विमानात जीपीएसशिवाय जडत्वावर चालणारी यंत्रणा असते, जी निघाल्यापासूनची प्रत्येक हालचाल मोजत जागा काढते. म्हणजे तोच जुना हिशेब, फक्त फार अचूक. खालून रडारवाला पाहत असतो. डोंगर जवळ आला की ओरडून सांगणारं यंत्र असतं; मात्र तेही जागा जीपीएसवरून घेत असेल, तर खोट्या संकेताने भलत्या ठिकाणी ओरडतं, आणि मग वैमानिक ते बंद करायला पाहतात. तिथे सावध राहावं लागतं.

एप्रिल २०२४ च्या अखेरीस फिनएअरने हेलसिंकीहून एस्टोनियातल्या तार्तूला जाणारी विमानं महिनाभर थांबवली, कारण तार्तूला उतरण्याची पद्धत पूर्णपणे जीपीएसवर बेतलेली होती आणि संकेत वारंवार तुटत होते. दोन विमानं तर तार्तूपर्यंत जाऊन परत फिरली. त्या महिन्यात जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांपासूनचं अंतर मोजून उतरण्याची पद्धत तिथे बसवली गेली, आणि २ जूनपासून विमानं पुन्हा सुरू झाली.